पुट अप विथ अ‍ॅप्लिकंट

आमच्या कार्यालयाचं नाव मी सांगणार नाही. नंदुरबार जिल्ह्यात आदिवासींच्या कामासाठी म्हणून उघडलेली कार्यालयं कमी नाहीत, त्यातलंच एक समजा. चोवीस वर्षं मी तिथं लिपिक आहे. माझं नाव ममता, आणि माझ्याकडे वसतिगृह प्रवेशाचं टेबल आहे. माझ्या जिभेबद्दल लोक मागे काय बोलतात ते मला ठाऊक आहे. त्यांनी ते तोंडावर बोलावं एवढीच माझी इच्छा असते, पण ती कुणी पुरी करत नाही.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी आमचा शिपाई सुपडू टपालातला एक कागद घेऊन माझ्याकडे आला. सुपडू निवृत्तीला टेकलेला माणूस. आयुष्यभर टपाल वाहून त्याला कागदांची ओळख झालेली आहे. कुठला अर्ज आहे, कुठली तक्रार आहे, ते तो लांबूनच सांगतो. पण या कागदापुढे त्यानंही हात टेकले होते.

"ताई, हाऊ कागद दखा," तो म्हणाला. "माले तं काईच समजनं नही."

कागद वहीच्या पानावर निळ्या शाईत लिहिलेला होता. अक्षर मोत्यासारखं. विषय, वसतिगृह प्रवेशाचा अर्ज मागे घेणेबाबत. खाली लिहिलं होतं, 'मी रविना फुलसिंग पावरा माझा अर्ज मागे घेत आहे. मला सहन करण्याचे कष्ट आपल्या कार्यालयाने घेऊ नयेत, ही नम्र विनंती.'

खरं सांगते, पहिल्यांदा मला बरंच वाटलं. नंदुरबारच्या मुलींच्या वसतिगृहात एकच खाट उरली होती, यादी शुक्रवारी जायची होती, आणि या मुलीचं प्रकरण जरा अडचणीचं होतं. आता सुंठीवाचून खोकला गेला असं म्हणून मी कागद बाजूला सारला. पण ते 'सहन करण्याचे कष्ट' काही मनातून जाईना. चोवीस वर्षांत मला अर्जदारांनी शिव्या दिल्या आहेत, रडून दाखवलं आहे, एकानं तर टेबलावर कोंबडी सोडली होती. पण इतक्या नम्रपणे कुणी थोबाडीत दिली नव्हती.

रविना तोरणमाळच्या पठारावरच्या एका पाड्यातली. आश्रमशाळेतून बारावी झाली, इंग्रजीत बहात्तर गुण. पण पुढचं वर्ष तिचं वाया गेलं, कारण आईबापांबरोबर ती गुजरातेत ऊसतोडीला गेली. यंदा नंदुरबारला बी.ए.ला प्रवेश मिळाला, तोही इंग्रजी विषय घेऊन. वसतिगृह मिळालं तर कॉलेज, नाही मिळालं तर नाही, इतका साधा मामला होता. तोरणमाळहून नंदुरबारला रोज जाणं-येणं पाखरालाही जमणार नाही. आणि मध्ये वर्षाचा खंड पडला असला की प्रवेश द्यायचा की नाही हे फक्त साहेब ठरवू शकतात, असा आमचा नियम.

मी फाईल काढली. तिच्या अर्जाच्या कडेला साहेबांचा शेरा होता. आमचे साहेब तरुण, परराज्यातले. मराठी बोलतात, आम्हाला हसू येईल इतकी शुद्ध बोलतात, पण घाईत असले की लिहितात इंग्रजीत. शेरा असा होता, 'पुट अप विथ अ‍ॅप्लिकंट.'

आता हा पुट अप म्हणजे आमच्या ऑफिसातला दिवसातून पन्नास वेळा येणारा शब्द आहे. फाईल पुट अप केली का, उद्या पुट अप करा, पुट अप करायची राहिली म्हणून साहेब रागावले. पुट अप म्हणजे साहेबांपुढे ठेवणं, मराठीत सादर करणं. आणि विथ म्हणजे सोबत, हे तर माझ्या नातवालाही माहीत आहे. म्हणजे साहेबांनी लिहिलं होतं की फाईल अर्जदाराला सोबत घेऊन माझ्यापुढे आणा. मुलीला समोर बघतो, चार प्रश्न विचारतो, मग सही करतो. साहेबांनी अर्जदाराला बोलावलं की बहुतेक वेळा त्याचं काम होतं. शेरा चांगलाच होता.

मग मला मागचा गुरुवार आठवला. फाईल साहेबांकडून नुकतीच परत आली होती आणि रविना माझ्या टेबलापुढे उभी होती. साहेब दौऱ्यावर निघून गेले होते, त्यामुळे त्यांना भेटायला कधी यायचं ते तिला सांगायचंच होतं. पण आधी मला शेऱ्याच्या पानाची झेरॉक्स हवी होती आणि आमचं मशीन बंद होतं. मी तोच कागद तिच्या हातात दिला आणि समोरच्या दुकानातून झेरॉक्स काढून आण म्हटलं. ती गेली. आली तेव्हा तिनं दोन्ही कागद टेबलावर नीट एकावर एक ठेवले, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि चालती झाली. मी सुपडूला म्हटलं, पाहिलंस, बारावी झाली नाही तो नाक केवढं वर.

मंगळवारी दुपारी मी मोबाईलमध्ये ते तीन शब्द घातले, पुट अप विथ. मराठी अर्थ आला. सहन करणे. सोसणे. निमूटपणे चालवून घेणे.

मी ते तीनदा वाचलं. चोवीस वर्षं ज्या शब्दावर माझी भाकरी शिजते, त्याच्या मागे चार अक्षरं लागली की त्याचं असं काही होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून त्या पोरीनं वाचलं होतं, अर्जदाराला सहन करा.

सुपडूला सांगितलं तर तो आधी हसला, मग व्यवहाराचं बोलला. "तिनी सोताच अर्ज मांगे लिधा ना ताई? मंग जाऊ द्या ना. आपलं काय चुकनं?"

मलाही तेच म्हणायचं होतं. पण संध्याकाळी साहेब दौऱ्यावरून आले आणि दारातूनच विचारलं की ती खंडवाली मुलगी कुठे आहे, शुक्रवारी अकराला मी यादीवर सही करतो. मी म्हटलं, येते आहे साहेब. का म्हटलं ते देव जाणे, खोटं माझ्या तोंडून सवयीनं निघतं. आता पत्राला आवक क्रमांक पडलेला होता, ते फाईलीत लागणार होतं, साहेब ते वाचणार होते, आणि 'सहन करणे' म्हणजे काय असं विचारणार होते. रविनाचा फोन बंद लागत होता. बुधवारभर लावला. गुरुवारी मी रजा टाकली. कुणी याला माया म्हणू नये. मी भीतीनं गेले.

शहाद्यापर्यंत एसटी आणि पुढे तोरणमाळची जीप. घाटात धुकं होतं, जीपमध्ये खताच्या गोण्या होत्या, माझ्या मांडीवर एका अनोळखी बाईचं मूल होतं. कुणाकडे चाललात म्हणून विचारलं, तर रविनाचं नाव घेताच सगळी जीप ओळखीची निघाली. तीच ना, इंग्रजीवाली, म्हणाले. एकानं तिच्याकडून खताच्या पोत्यावरचं वाचून घेतलं होतं, एकीनं औषधाच्या बाटलीवरचं. मला वळणावर उतरवून त्यांनी पायवाट दाखवली. अर्धा तास चालले. चप्पल दोनदा चिखलात रुतली आणि दोन्ही वेळा मी साहेबांच्या इंग्रजीचा उद्धार केला.

मायलेकी मक्यात निंदत होत्या. बाप फुलसिंग खाली शहाद्याकडे मजुरीला गेलेला. मला पाहून रविना उभी राहिली, पण तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आनंद नव्हता, काहीच नव्हतं. तिची आई फुलवंताबाई मात्र लगबगीनं पुढे आली, मला घरी नेलं, ओसरीवर खाट टाकली, आणि मी कोण हे न विचारताच चुलीत कणसं भाजायला घातली. तिच्याशी रविना त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी बोलली. ऑफिसातली बाई, एवढं तरी सांगितलं असावं, कारण फुलवंताबाईचा हात चुलीपाशी थबकला.

मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. म्हटलं, मुली, तू मूर्ख आहेस का?

"शक्य आहे, मॅडम," रविना म्हणाली.

मी तिला शेऱ्याचा अर्थ सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतला, आत गेली, एक वही घेऊन आली. वहीत एकेका इंग्रजी क्रियापदाला एकेक पान दिलेलं होतं. 'पुट'चं पान पुरतं भरलेलं. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं. पुट ऑन म्हणजे अंगावर घालणं. पुट आउट म्हणजे विझवणं. पुट अप म्हणजे कुणाला आपल्याकडे मुक्कामाला ठेवून घेणं. आणि पुट अप विथ, त्याच्याखाली दोन रेघा. आश्रमशाळेतल्या ईश्वर सरांनी शिकवलं होतं म्हणे. सर सांगायचे की इंग्रजीत मोठ्या शब्दाला भुलू नका, त्याच्या मागे जो बारका लागला असेल त्याच्याकडे बघा, घर तोच चालवतो. आपल्याकडे नाही का, बोलणं वेगळं आणि बोलून बसणं वेगळं.

सर हुशार होते यात वाद नाही. पण मीही रिकाम्या हातानं आले नव्हते. इतर फाईलींवरच्या शेऱ्यांचे फोटो काढून आणले होते. पहिला दाखवला, पुट अप विथ प्रीव्हियस पेपर्स. म्हटलं, सांग बाई, काय लिहिलं आहे? मागचे कागद सहन करा? तिनं फोटो बोटांनी मोठा करून बघितला. दुसरा दाखवला, पुट अप विथ जीआर. म्हटलं, आता जीआर आम्ही सहन करतो ही गोष्ट खरी आहे, पण साहेब ते लिहून कसे देतील? तिच्या ओठाचा कोपरा हलला. तिसरा गाडीच्या फाईलीवरचा होता, पुट अप विथ ड्रायव्हर. त्यावर ती हसली. चांगली खळखळून हसली, आणि मला एकदम कळलं की हिचं वय फक्त एकोणीस आहे.

मग ती वहीकडे बघून म्हणाली की म्हणजे हे इंग्रजी चूक आहे. मी म्हटलं, चूक-बरोबर इंग्लंडात. आमच्या फाईलीत हेच चालतं, आणि तुला खाट मिळणार आहे ती फाईलीतून. यावर तिनं थोडा विचार केला, पेन काढलं, आणि 'पुट'च्या पानावर खाली नवी ओळ लिहिली, कार्यालयात पुट अप म्हणजे सादर करणे. मला वाटलं झालं काम. चार वाजता शेवटची जीप होती. मी उठलेसुद्धा.

"मॅडम, अर्थ कळला," रविना म्हणाली. "पण मला तो दुसरा अर्थ लगेच खरा का वाटला, ते सांगू?"

मी म्हटलं, सांग.

तिनं आवाज चढवला नाही. वर्गात उत्तर द्यावं तसं सांगितलं. पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही फोनवर बोलत होता. अर्धा तास मी उभी होते. फोन झाल्यावर तुम्ही म्हणालात, सोमवारी ये. सोमवारी आले तर म्हणालात, जातीच्या वैधतेचा कागद नाही. तो होता, मॅडम, खालून दुसरा. तुम्ही कागद उलटले नाहीत, आणि मला सांगायची हिंमत झाली नाही. परत गेले, परत आले, तोच कागद वर ठेवून दिला. तिसऱ्या वेळी तुम्ही म्हणालात की तुमच्या पोरी दोन महिने राहतात आणि पळून जातात, कशाला खाट अडवता. गुरुवारी साहेबांचा शेरा वाचला तेव्हा मला वाटलं की साहेब चांगले आहेत, ते मॅडमना समजावून सांगतायत की बाई, हिला जरा सहन करा.

मी खाटेवर परत बसले. मला रागच यायला हवा होता, राग हे माझं हक्काचं घर आहे, पण तो येईना. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला तो इथं, चिखलानं भरलेल्या पायांनी, कणीस हातात धरून बसला होता. तिनं शब्दाचा अर्थ चुकवला होता, पण माझा अर्थ अगदी बरोबर लावला होता. मला लाज वाटली. साधी, सरळ लाज, जी मला लहानपणानंतर वाटल्याचं आठवत नाही.

एवढ्यात फुलवंताबाईनं मुलीला काहीतरी विचारलं. पावरी मला येत नाही, पण सूर कळतो. रविना थोडं बोलली. आईनं पुन्हा विचारलं. रविना आणखी थोडं बोलली आणि खाली बघायला लागली. मग आई बराच वेळ एकटीच बोलत राहिली, आणि बोलता बोलता तिनं पदर डोळ्यांना लावला.

मी विचारलं, काय म्हणते आई?

रविना सांगायला तयार नव्हती. मी धरून बसले तेव्हा सांगितलं. घरी तिनं शेऱ्याबद्दल काही सांगितलंच नव्हतं. अर्ज नामंजूर झाला, वर्षाचा खंड आडवा आला, एवढंच म्हणाली होती. आणि त्या वर्षी ऊसतोडीला तिला घेऊन जाणारी तिची आई होती. धाकट्या भावाला सांभाळायला फडावर कुणी नव्हतं, म्हणून. "ती म्हणते, आठ दिवस मी स्वतःला शिव्या दिल्या," रविना म्हणाली. "म्हणते, माझ्यामुळे पोरीचं वाटोळं झालं असं मला वाटू दिलंस, आणि गोष्ट होती एका शब्दाची."

फुलवंताबाई उठली. दोरीवरची मुलीची धुतलेली ओढणी काढली, पिशवीत घातली, कागदांची प्लास्टिकची थैली घातली, भाकरी बांधून घेतली, शेजारणीला हाक मारून गाय आणि धाकटा तिच्या हवाली केला, आणि दाराला कडी लावून पायवाटेला लागली. आम्ही दोघी तिच्या मागून. शिकलेल्या आम्ही दोघी होतो, पण ती नसती तर जीप नक्की चुकली असती.

खाली पोचेपर्यंत अंधार पडणार आणि ऑफिस उद्या उघडणार हे उघडच होतं. घाट उतरताना रविनानं विचारलं की राहायचं कुठे, स्टँडवर झोपायला देतात का. मी म्हटलं, माझ्या घरी. ती म्हणाली, म्हणजे तुम्ही आम्हाला पुट अप करणार. मी म्हटलं, हो, आणि विथ आईसुद्धा. या वेळी हसलो दोघी.

हसले खरी, पण घरी सासू होती. माझी सासू छबूबाई, तापीकाठच्या जुन्या शेतकरी घरातली, सोवळ्या-विटाळाची कडक. तिनं वेगळं ताट काढलं तर मी काय करायचं, हे मी जीपभर ठरवत होते. म्हातारीनं ताटं काढली ती रोजचीच. तिला दुसऱ्याच गोष्टीत रस होता. फुलवंताबाई कापूस निंदायला आमच्या बाजूला येऊन गेलेली निघाली, तिला अहिराणी चांगली कळत होती, आणि दोघी कुणाच्या शेतात मुकादम बरा आणि कुणाचा हलकट यावर अशा रंगल्या की वाढायचं मलाच करावं लागलं. "कसाले लाजी ऱ्हायनी? खाय पोटभर," सासू रविनाला म्हणाली. मी सासूला चोवीस नव्हे, तीस वर्षं ओळखते असं समजत होते.

शुक्रवारी साडेदहालाच मी फाईल घेतली आणि रविनाला घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. फुलवंताबाई बाहेर बाकावर बसली. सुपडूनं सकाळीच माझ्या कानाशी येऊन सुचवलं होतं की ते मागे घेण्याचं पत्र फाईलीतून काढून टाकावं, आवक नोंदीचं तो बघून घेईल. मी काढलं नाही. का, ते तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं.

साहेबांनी रविनाला बसायला सांगितलं. खंड का पडला विचारलं. तिनं सांगितलं. इंग्रजीच का, विचारलं. तिनं त्याचं उत्तर इंग्रजीत दिलं, हळू, शब्द जोखून, आणि साहेबांनी मान हलवली. पेन हातात घेतलं. मग फाईलीचं पान उलटलं आणि ते पत्र निघालं. त्यांनी ते वाचलं, परत वाचलं.

"अर्ज मागे घेतलेला आहे," ते म्हणाले. "आणि हे सहन करणं काय आहे?"

मुलगी लाल झाली. तिनं काय सांगायचं? इंग्रजी शिकायला निघालेल्या मुलीनं साहेबांचं इंग्रजी वाचून चुकीचा अर्थ लावला, हे तिला तिच्या तोंडानं, त्याच साहेबांपुढे, सही व्हायच्या आधी सांगायचं होतं. पण सांगितलं. सर, मी तुमचं वाक्य चुकीचं वाचलं. कुठलं वाक्य, त्यांनी विचारलं. तिनं दाखवलं. साहेबांना कळायला दोन क्षण लागले, आणि मग ते इतके हसले की चष्मा काढावा लागला. म्हणाले, चूक तुझी नाही, माझीच आहे, इंग्रजी खरं तर तुझंच बरोबर. मग हसणं थांबलं आणि त्यांनी सहज विचारलं की पण सरकारी कागदावर असं कुणी लिहील, असं तुला वाटलं तरी कसं?

रविनानं माझ्याकडे बघितलंही नाही. नजर टेबलाच्या काचेवर ठेवली आणि म्हणाली, "असंच वाटलं, सर."

तिनं मला वाचवलं होतं. एवढ्यावर भागलं असतं. साहेब सही करणार होते, यादी जाणार होती, आणि मी माझ्या टेबलावर परत जाऊन बसणार होते. पण ती पुन्हा एकदा माझं सोसत होती, तेही समोर बसून, आणि ते मला बघवेना.

मी म्हटलं, "साहेब, तिला तसं वाटायला कारण मी आहे. ती तीन वेळा आली आणि तिन्ही वेळा मी तिला परत पाठवलं."

साहेबांनी आधी यादी ओढली, शेवटच्या रिकाम्या ओळीवर रविनाचं नाव आपल्या हातानं लिहिलं, सही केली, आणि ती यादी तिलाच देऊन सुपडूकडून आजच्या आज रवाना करून घे म्हणाले. ती बाहेर गेल्यावर माझ्याकडे वळले. रागावले नाहीत. दुपारपर्यंत लेखी खुलासा द्या, एवढंच म्हणाले.

बाहेर मायलेकी यादीवर बोट ठेवून उभ्या होत्या. फुलवंताबाईला अक्षर येत नाही, पण बोट बरोबर त्या ओळीवर होतं. रविना माझ्याजवळ आली आणि म्हणाली, मॅडम, तुम्ही सांगायला नको होतं. मी म्हटलं, जा, बारा वाजताची नंदुरबार गाडी पकडा, पहिल्या दिवशी गेलीस तर खिडकीची खाट मिळते. त्या गेल्या तेव्हा मी दारापर्यंत गेले.

मग मी खुलासा लिहायला बसले. आमच्याकडे खुलाशाचा मजकूर ठरलेला आहे. कामाच्या अतिरिक्त व्यापामुळे नजरचुकीने विलंब झाला, तरी क्षमस्व. सुपडूला तो पाठ आहे, त्यानं तो माझ्या मागे उभं राहून सांगायलाही सुरुवात केली. मी त्याला चहा आणायला पाठवलं, आणि लिहिलं.

'अर्जदार पहिल्यांदा आली तेव्हा मी माहेरच्या लग्नातल्या साड्यांबद्दल फोनवर बोलत होते. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिचे कागद पूर्ण होते, मी ते उलटून पाहिले नाहीत. तिसऱ्यांदा मी तिला जे बोलले ते इथे लिहायची मला लाज वाटते, पण मी ते बोलले. कामाचा व्याप नव्हता. तिन्ही वेळा मी मोकळी होते.'